मदत हवी आहे: 'डॉसन्स क्रीक' सीझन १, मराठी सबटायटल्स

'डॉसन्स क्रीक' या किशोरवयीन मुलांवरच्या अमेरिकी मालिकेचा १९९८चा १३ भागांचा हा पहिला सीझन बेळगाव-खानापूरच्या कॉलेजातल्या पोरांसाठी मराठीत करतोय. ओळी सुरुवातीला जुळतात, मग ४२ मिनिटांच्या भागात शेवटी पावणेदोन मिनिटं सरकतात, ते फ्रेम रेटमुळे (सेकंदाला किती चित्रं): सबटायटलची फाइल २५ची, व्हिडिओ २३.९७६चा. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये रेट बदलला की सुटतं.

अडलंय पुढे. यूटीएफ-८मध्ये (देवनागरीही चालणारं अक्षरांचं एन्कोडिंग) सेव्ह करूनही पेनड्राइव्हवरून टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात, 'मित्र'चं 'मित्‌र' होतं. ओळी व्हिडिओतच पक्क्या बसवायच्या तर लांबून वाचता येईल असा फॉन्ट कुठला?

आणि मालिकेतले जोई-पेसी पंधराव्या वर्षीही फार जड बोलतात, दोन ओळींत मावत नाही. त्यांच्या भांडणात आपल्या बोलीतलं 'काय गा' चालेल का? मला पुस्तकी मराठी तिथे अगदीच परकी वाटते.