परदेशी मालकीची समाजमाध्यमे: बंदी घालावी का?

मुक्तछंद (धागालेखक)

समाजमाध्यमाचे एखादे अ‍ॅप परक्या देशातील कंपनीच्या मालकीचे आहे, एवढ्याच कारणावरून सरकारने ते बंद करावे का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांची काळजी खरी आहे हे मला मान्य असल्यामुळे ते उत्तर जरा सविस्तर मांडतो.

भारताने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा गलवान खोऱ्यातील चकमकीला जेमतेम दोन आठवडे झाले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा आधार घेण्यात आला आणि सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणे निवेदनात देण्यात आली. मात्र कोणत्या अ‍ॅपने कोणती माहिती कोठे पाठवली, याचा अ‍ॅपनिहाय तपशील लोकांसमोर आला नाही. टिकटॉकचे भारतात तेव्हा सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. त्यांच्यापैकी कोणालाही आपली नेमकी कोणती माहिती धोक्यात होती, हे आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर काय घडले तेही पाहावे. जुलै २०२० मध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. मोज, जोश, चिंगारी ही देशी अ‍ॅप्सही पुढे आली, पण प्रेक्षकांचा मोठा लोंढा या दोन अमेरिकी कंपन्यांकडे वळला. म्हणजे लोकांची माहिती परदेशी कंपनीकडे जाणे थांबले नाही, फक्त तो परदेश बदलला.

मालकी स्वदेशी असली की वापरकर्ता सुरक्षित, असेही दिसत नाही. २०१८ मध्ये उघड झालेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी वळवली गेली होती आणि त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेतलेच होते. त्यांच्याच देशातल्या कंपनीने त्यांची माहिती राखली नाही. म्हणून माझे म्हणणे असे की कायदा कंपनीच्या वर्तनावर असावा, पासपोर्टवर नव्हे.

शेवटची भीती मला सर्वांत मोठी वाटते. बंदीचे हत्यार एकदा हाती आले की ते परक्या शत्रूपुरते राहत नाही. नायजेरियाच्या सरकारने जून २०२१ मध्ये ट्विटर बंद केले, ते राष्ट्राध्यक्ष बुहारी यांचा एक संदेश ट्विटरने काढून टाकल्यानंतर दोनच दिवसांनी. ती बंदी सात महिने टिकली. ती बेकायदा होती असा निकाल पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला, पण तोवर बंदी उठूनही सहा महिने झाले होते.

नीरक्षीर

मुक्तछंद, आपली मांडणी संयत आहे, तरीही मूळ निष्कर्ष मला पटत नाही. आपण सगळा भर माहितीच्या चोरीवर दिला आहे. माझ्या मते तो प्रश्नाचा लहान अर्धा भाग आहे. मोठा भाग असा की कोट्यवधी लोकांनी आज काय पाहावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा.

वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्या बाबतीत हा प्रश्न जगाने फार पूर्वी सोडवला आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यात प्रसारण परवान्यांच्या परदेशी मालकीवर मर्यादा आहे. भारतात डिजिटल वृत्तमाध्यमांमध्ये परकीय गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच ठेवता येते. या मर्यादांना कोणी विचारस्वातंत्र्यावरील घाला म्हणत नाही. मग ज्या पडद्याकडे लोक वर्तमानपत्रापेक्षा कितीतरी जास्त वेळ पाहतात, त्याच्या मालकाबद्दल विचारायचेच नाही, हे कोणते तर्कशास्त्र?

'वर्तनावर कायदा करा' हा सल्ला ऐकायला चांगला आहे. पण जिथे कंपनीला तिच्या स्वतःच्या सरकारपुढे नकार देण्याची सोय नाही, तिथे वर्तनाची हमी कोण देणार? चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याने तेथील प्रत्येक संस्थेवर आणि नागरिकावर गुप्तवार्ता कामात सहकार्य करण्याचे बंधन घातले आहे. अमेरिकी कंपनीही सरकारला माहिती देते हे खरे, पण ती त्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाऊ शकते आणि कधीकधी जिंकतेही. हा फरक मला निर्णायक वाटतो.

शिवाय हे नुसते अंदाज नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये टिकटॉकच्या मूळ कंपनीने, म्हणजे बाइटडान्सने, स्वतः कबूल केले की तिच्या कर्मचाऱ्यांनी काही पत्रकारांची माहिती, त्यांच्या आयपी पत्त्यांसह (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून फोन कुठे आहे याचा अंदाज येतो), उघडून पाहिली. कंपनीतील बातम्या बाहेर कोण फोडतो हे त्यांना शोधायचे होते. चार कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. बातमी लिहिणाऱ्याचा फोन सध्या कोणाच्या जवळपास आहे हे कंपनी पाहू लागली, तर त्या पत्रकाराशी बोलायला कोण धजावेल?

आणि परतफेडीचाही मुद्दा आहेच. चीनने २००९ पासून फेसबुक आणि ट्विटर अडवून ठेवले आहेत. आपले दार बंद ठेवून दुसऱ्याच्या घरात मोकळेपणाने वावरण्याचा हक्क कोणालाही नसावा.

मेघवेडी

परतफेडीच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. चीनने आपल्या नागरिकांना जगापासून तोडले, ही त्या नागरिकांवर झालेली सक्ती आहे. तिची परतफेड म्हणून दुसऱ्या देशाने स्वतःच्याच नागरिकांचे बोलणे तोडायचे, यात शिक्षा नेमकी कोणाला होते? वर्तमानपत्राशी केलेली तुलनाही अपुरी आहे. वर्तमानपत्रात मालक बोलतो आणि वाचक वाचतो, तर या अ‍ॅप्सवर बोलणारे स्वतः लोकच असतात. अ‍ॅप बंद करताना परदेशी मालकाच्या आवाजाबरोबर त्या सगळ्यांचा आवाज बंद होतो. पाच वर्षे खपून जमवलेले प्रेक्षक, जुन्या चित्रफिती, त्यांखालची संभाषणे यांतले काहीही दुसऱ्या अ‍ॅपवर उचलून नेता येत नाही.

अक्षांश

मी अ‍ॅप्स तयार करण्याच्या व्यवसायात आहे आणि काही काळ शिफारस प्रणालीवर, म्हणजे कोणाला कोणती चित्रफीत दाखवायची हे ठरवणाऱ्या भागावर काम केले आहे. नीरक्षीर ज्या सत्तेबद्दल बोलत आहेत ती जवळून कशी दिसते, ते सांगतो.

तुमच्या फोनवर जे अ‍ॅप उतरलेले असते, त्यात हा निर्णय नसतो. तो सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या संगणकांवर होतो. प्रत्येक चित्रफितीला काही गुण मिळतात: ती तुम्ही शेवटपर्यंत पाहाल का, पुन्हा पाहाल का, कोणाला पाठवाल का, अशा अंदाजांना वजने लावून बेरीज केली जाते आणि बेरीज मोठी असेल ती चित्रफीत वर येते. ही वजने एका साध्या फाइलमध्ये असतात. त्यातला एखादा आकडा ०.२ वरून ०.३ केला की काही मिनिटांत सगळ्यांची फीड, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रफितींची रांग, हलते. अ‍ॅप नव्याने उतरवावे लागत नाही आणि वापरकर्त्याला काही कळत नाही. अमुक विषयाच्या चित्रफितींना थोडे खाली ढकला, असे करायचे ठरवले तर त्यासाठी एक ओळ पुरते. काहीही काढून टाकलेले नसते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नसते. आपली चित्रफीत कमी लोकांनी का पाहिली, याचे उत्तर तिच्या निर्मात्याला कधीच मिळत नाही.

बाहेरून हे तपासायला गेलात तर एकच गोष्ट हाती लागते: शेकडो खोटी खाती उघडायची, त्यांना काय दिसते ते नोंदवायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचा. आज केलेली नोंद उद्या उपयोगी पडेलच असे नाही, कारण आकडे रोज बदलतात आणि त्यांतले बहुतेक बदल अगदी निष्पाप असतात. खोडसाळ बदल त्या गर्दीत सहज दडतो.

म्हणून 'वर्तनावर कायदा' या भूमिकेपुढे अडचण आहे, हे मला मान्य करावे लागते. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना संशोधकांसाठी माहिती खुली करायला लावले आहे आणि उल्लंघनासाठी जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड ठेवला आहे. मला तो मार्ग योग्य वाटतो, पण तो मंद आहे. माहिती संरक्षणाच्या वेगळ्या कायद्याचे उदाहरण घ्या: आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने मे २०२५ मध्ये टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड केला. युरोपीय वापरकर्त्यांची माहिती चीनमधील सर्व्हरवर ठेवत नाही असे कंपनी चौकशीत सांगत राहिली होती आणि काही माहिती तेथे साठली होती हे तिने चौकशीच्या अखेरीस कळवले. ही चौकशी २०२१ मध्ये सुरू झाली होती. चार वर्षांत एक निवडणूक तर कोठेही होऊन जाते.

मुक्तछंद (धागालेखक)

अक्षांश, आपला प्रतिसाद वाचून माझ्या भूमिकेतला एक कच्चा दुवा मला दिसला. फीड कशी हलवली जाते हे बाहेरून सिद्ध करणे इतके कठीण असेल, तर 'आधी पुरावा, मग कारवाई' हा आग्रह जसाच्या तसा धरता येणार नाही.

तरी निवडणुकीचेच उदाहरण घेऊ. रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी रद्द केली, तेव्हा टिकटॉकवरील संघटित खात्यांनी एका उमेदवाराला उचलून धरल्याचा संशय होता. बोट रशियाकडे दाखवले जात होते. अ‍ॅपच्या मालकाने वजने बदलली असा तो आरोप नव्हता, बाहेरच्यांनी खोट्या खात्यांच्या बळावर प्रणालीला फसवले असा होता. अशी फसवणूक मालक कोणत्याही देशाचा असला तरी होऊ शकते, त्यामुळे मालकी बदलून हा रोग बरा होत नाही.

दुसरे उदाहरण नेपाळचे, आणि ते लिहिताना मन जड होते. तेथील सरकारने टिकटॉकवर नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. पुढे सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, नोंदणी केली नाही म्हणून फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब यांसह २६ माध्यमे एकदम बंद केली. ज्या देशातील असंख्य घरांतली कर्ती माणसे परदेशात कामाला आहेत, तिथे व्हॉट्सअ‍ॅप बंद होणे म्हणजे आईला मुलाचा चेहरा दिसायचा थांबणे. भ्रष्टाचाराविरुद्धचा राग आधीपासून धुमसत होता, त्यात ही बंदी पडली. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर आले आणि त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. बंदी त्याच रात्री मागे घेण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. टिकटॉकने नोंदणी केलेली असल्यामुळे ते सर्व काळ चालू होते.

नोंदणीची मागणी चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण लोकांच्या बोलण्याच्या सगळ्या वाटा एका आदेशाने बंद करण्याची ताकद सरकारच्या हाती किती सहज असावी, याचा विचार नीरक्षीर यांच्या प्रतिसादात मला आढळला नाही.

नीरक्षीर

तो विचार आहे, मी तो लिहिला नव्हता. नेपाळ आणि नायजेरिया येथे जे झाले ते मी बंदीचे समर्थन करताना गृहीत धरत नाही. सरकारवर टीका झाली म्हणून अ‍ॅप बंद करणे आणि शत्रुत्वाच्या संबंधांतील देशाच्या हातून लोकमताची किल्ली काढून घेणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

माझ्या डोळ्यांपुढे टिकटॉकबाबतच्या अमेरिकेतील कायद्याची रचना आहे. २४ एप्रिल २०२४ रोजी तो कायदा झाला, तो सरकारी आदेशाने नव्हे तर संसदेतील चर्चा आणि मतदान यांतून. त्यात आधी विक्रीचा पर्याय होता, सुमारे नऊ महिन्यांची मुदत होती आणि कंपनीला न्यायालयात जाता आले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२५ रोजी तो एकमताने वैध ठरवला. मालकी बदला आणि चालू ठेवा, अशी ती अट आहे. मेघवेडी यांची चिंता त्यात सांभाळली जाते, कारण अ‍ॅप, खाती, संभाषणे सगळे जागेवर राहते.

मेघवेडी

कायद्याची रचना चांगली होती, पण पाळली गेली का? १८ जानेवारीच्या रात्री अ‍ॅप उघडणाऱ्यांना सेवा उपलब्ध नसल्याची सूचना दिसू लागली, दुसऱ्या दिवशी सेवा परत आली आणि २० जानेवारीला नव्या राष्ट्राध्यक्षांनी अंमलबजावणी ७५ दिवस पुढे ढकलली. त्यानंतरही मुदतवाढी मिळतच राहिल्या. संसदेने इतका मोठा धोका म्हणून जो कायदा केला, तो पाळायचा की नाही हे एका व्यक्तीच्या सहीवर आले. अशा वेळी अ‍ॅपचा मालक त्या व्यक्तीला खूश ठेवण्याचा प्रयत्न करणार नाही, याची खात्री कोण देईल? परदेशी सरकारचा दाब काढताना स्वतःच्या सरकारचा दाब आत घेतला, असे होऊ नये.

आणखी एक. न्यायालयाच्या त्या निकालाचा मुख्य आधार माहितीच्या संकलनाचा होता. नीरक्षीर ज्याला मोठा अर्धा भाग म्हणतात, त्या मजकुरावरील नियंत्रणाचा नव्हे.

अक्षांश

मेघवेडी यांचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यावरून एक व्यावहारिक सूचना करतो. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस एक्स (पूर्वीचे ट्विटर) बंद झाले, ते न्यायालयाच्या आदेशाने, आणि अटी लेखी होत्या: देशात कायदेशीर प्रतिनिधी नेमा, दंड भरा, आदेश पाळा. अटी पूर्ण झाल्यावर ८ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. एका न्यायमूर्तींच्या हाती इतका अधिकार असावा का याबद्दल तेथेही मतभेद झाले आणि ते मला समजतात. तरी काय केल्यावर बंदी उठेल हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. भारतातील कलम ६९अ खालच्या नियमांत तक्रारी आणि कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद आहे, त्यामुळे वापरकर्त्याला असे काही कळण्याचा मार्गच राहत नाही.

मुक्तछंद (धागालेखक)

संसदेने केलेला कायदा, लेखी कारणे, स्वतंत्र न्यायालयापुढे सुनावणी, आधी विक्रीची किंवा सुधारणेची संधी आणि अटी पूर्ण होताच सेवा पूर्ववत, एवढे सगळे असेल तर माझा विरोध बराच मवाळ होईल. गुप्त पुरावा असेल तर तो न्यायाधीशांनी बंद दाराआड पाहावा, पण त्याचा सारांश तरी लोकांना मिळावा. नीरक्षीर, विक्रीसाठी बारा महिन्यांची मुदत आपल्याला मान्य होईल का?

नीरक्षीर

मुदत मान्य आहे, सारांशाची अटही मान्य आहे. पण त्या बारा महिन्यांत निवडणूक आली, तर अक्षांश यांनी सांगितलेली ती वजनांची फाइल कोणाच्या ताब्यात असेल? विक्री होणार हे ठाऊक असलेला जुना मालक त्या काळात सर्वांत कमी जबाबदार असतो. मुदत सुरू होताच त्या फाइलमधील प्रत्येक बदलाची नोंद न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांकडे जाईल, अशी अट घालता आली तर मी आपल्या बाजूला बराच सरकेन. अक्षांश, हे करणे शक्य आहे का, हे आपणच सांगू शकाल.

अक्षांश

नोंद ठेवणे सहज शक्य आहे, कारण असे बदल कोणी आणि केव्हा केले हे कंपन्या स्वतःसाठी नोंदवतातच. अवघड आहे ते वाचणे. दिवसाला शेकडो बदल होत असतील, तर दोन-चार तज्ज्ञांचे ते काम नाही, त्यासाठी वीस-पंचवीस माणसांचे पथक लागेल आणि त्यांना कंपनीच्याच अभियंत्यांकडून प्रणाली शिकून घ्यावी लागेल. पहिले दोन-तीन महिने तर केवळ शिकण्यातच जातील.

नीरक्षीर

मग मुदत सुरू होण्याच्या तीन महिने आधी ते पथक आत गेले पाहिजे.

मुक्तछंद (धागालेखक)

याला माझी हरकत नाही. फक्त त्या पथकाने सरकारला कळवायचे की न्यायालयाला, हे कायद्यातच लिहिलेले असावे. माझे मत न्यायालयाला असे आहे.