अनुभव धागा : डेस्कटॉपचे पॉवर बटण बिघडले तर

यंत्रातले बाकी सगळे ठणठणीत, पण पॉवर बटण दाबले की काहीच घडत नाही. किंवा बटण आत जाते ते बाहेर येतच नाही. मदरबोर्ड गेला असे समजून खर्चात पडण्याआधी काय तपासावे, याचे अनुभव इथे एकत्र करू या. कुठला भाग, कुठली पिन, किती सेकंद, आणि काय चुकते, हे सगळे लिहा.

सुरुवात मीच करतो. एटीएक्स (म्हणजे सध्याच्या नेहमीच्या बांधणीच्या) संगणकात हे बटण घरातल्या विजेला हातही लावत नाही. मदरबोर्डवरच्या दोन पिना ते क्षणभर जोडते, बस्स. त्यातल्या एका पिनेवर स्टँडबाय (संगणक बंद असतानाही बोर्डाला मिळणाऱ्या) पुरवठ्यातले ३.३ किंवा ५ व्होल्ट असतात, दुसरी ग्राउंड. म्हणून बटण पार मोडले तरी संगणक सुरू करता येतो.

*

आधी दोष बटणाचा की बोर्डाचा, हे ठरवा. दोन मिनिटांचे काम आहे.

एसएमपीएसची (म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) भिंतीकडून येणारी वायर काढा, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार जाऊ द्या. समोरच्या बटणांच्या बारीक तारा बहुधा मदरबोर्डच्या खालच्या कडेला, कोपऱ्याजवळ येतात. नेहमीची मांडणी दोन ओळींत ९ पिनांची, अंतर २.५४ मिमी. एका ओळीत विषम क्रमांक, दुसरीत सम. दहावी जागा रिकामी. १-३ हार्डडिस्कचा दिवा, २-४ पॉवरचा दिवा, ५-७ रिसेट, ६-८ पॉवर स्विच. सगळेच बोर्ड ही मांडणी पाळत नाहीत, म्हणून मॅन्युअलमधली आकृती किंवा पिनांशेजारची छापील अक्षरे पाहूनच पुढे जा.

पॉवर स्विचचे कनेक्टर उपसा, विजेची वायर परत लावा, आणि चपट्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ६ आणि ८ या पिनांना अर्धा सेकंद टेकवा. पंखा फिरला तर बोर्ड चांगला, दोष बटणात किंवा तारेत. टोक घसरू देऊ नका: काही बोर्डांवर ९ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट असतात, ते ग्राउंडला लागता कामा नये.

*

वरच्या चाचणीत एक भर. संगणक सुरू होऊन साधारण चार सेकंदांत आपोआप बंद पडत असेल, तर एसएमपीएस बदलायला धावू नका. बटण चार सेकंद दाबून धरणे हा सक्तीने बंद करण्याचा इशारा असतो. खटका आत अडकलेला असला की बोर्डाला वाटते कोणीतरी बटण दाबूनच ठेवले आहे. पॉवर स्विचचे कनेक्टर काढून ठेवा आणि पिना क्षणभर टेकवून सुरू करा. आता टिकला तर निदान पक्के.

*

बोर्ड चांगला निघाला तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे रिसेटच्या बटणाचे कनेक्टर उपसून पॉवरच्या ६-८ पिनांवर लावणे. दोन्ही स्विच एकाच जातीचे, दाबले तेवढाच वेळ जोडणारे. उलटसुलट लावले तरी बिघडत नाही. दिव्यांना मात्र अधिक-उणे सांभाळावे लागते, नाहीतर ते पेटत नाहीत. मी तरी आधी हेच सुचवीन, कारण डाख लावावा लागत नाही आणि केव्हाही मागे फिरता येते.

मूळ बटण वाचवायचे असेल तर मल्टिमीटर बीपवर (दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या जागेवर) ठेवून कनेक्टरच्या दोन टोकांना लावा. दाबल्यावरच बीप यायला हवी. कधीच आली नाही तर तार तुटली किंवा स्विच गेला. सतत आली तर स्विच चिकटला. तार बहुधा कनेक्टरच्या तोंडाशीच तुटते, वरून आवरण शाबूत दिसते. तार हलवत हलवत बीप ऐका.

*

पुष्कळदा स्विच ठीक असतो आणि त्याला दाबणारे प्लॅस्टिक मोडलेले असते. बटणाला मागे खेचणारी प्लॅस्टिकची पातळ पट्टी वाकून वाकून चिरते. ती जोडताना पटकन सुकणारा पातळ गोंद वापरू नका. तो फटीतून स्विचमध्ये झिरपतो आणि खटका कायमचा बसतो. दोन भागांचे इपॉक्सी घ्या, स्विच बसवलेली छोटी सर्किटची पट्टी आधी वेगळी काढा, आणि पूर्ण सुकायला २४ तास द्या.

स्विचच मेला असेल तर आत बहुधा ६ × ६ मिमीचा चार पायांचा टॅक्ट स्विच (दाबल्यावर टिकटिक करणारा छोटा स्विच) असतो. पाय जोड्यांनी आतून जोडलेले असतात, म्हणून शंका असल्यास समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, तिरके दोन पाय वापरा. उंची जुन्याइतकीच हवी. एखादा मिलिमीटर जास्त झाला तर बटण कायम दाबलेले राहते, कमी झाला तर पोहोचतच नाही. धुळीने अडकलेल्या स्विचवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब टाकून पंधरा-वीस वेळा दाबले तर तो पुष्कळदा सुटतो. तेल घालू नका, त्यावर धूळ आणखी धरते.

*

बटणाशिवायही भागते. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचे याची सोय असते. ती 'पॉवर ऑन' वर ठेवली की भिंतीवरचा स्विच लावताच संगणक सुरू होतो. बंद मात्र नेहमी विंडोज किंवा लिनक्समधूनच करायचा, मग भिंतीचा स्विच काढायचा. पुन्हा लावण्याआधी अर्धा मिनिट थांबा, स्टँडबायचा भार उतरू द्या. अडचण एवढीच की वीज जाऊन आली की संगणक आपसूक सुरू होतो. ते नको असेल तर कीबोर्डने सुरू करण्याचा पर्याय बघा. त्यासाठी ईआरपी (बंद संगणकाची वीज वाचवणारी बायोसमधली सोय) बंद हवे, नाहीतर बंद अवस्थेत कीबोर्डला वीजच मिळत नाही.

*

एसएमपीएसच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि काळी तार जोडून पुरवठा सुरू होतो हे खरे, पण ती फक्त एसएमपीएसची चाचणी आहे, तीही प्लग बोर्डापासून काढून. संगणक सुरू करण्याची ती रीत नव्हे. आणि फार जुने एटी (एटीएक्सच्या आधीच्या बांधणीचे) कॅबिनेट असेल तर समोरच्या बटणात घरातली वीजच येते. तिथे यातले काहीही करू नका.

*

प्रश्न : बाहेरून नवे बटण लावले. दाबले की संगणक सुरू होतो, पण थोड्या वेळात बंद पडतो. तार तपासली, ठीक आहे.

*

तुमचे बटण दाबल्यावर आतच राहणारे, लॅचिंग जातीचे असणार. बोर्डाला ते चार सेकंद दाबल्यासारखेच दिसते. 'पुश टू ऑन' सांगून घ्या, आणि बसवण्याआधी बीप लावून बघा : बोट उचलताच आवाज थांबला पाहिजे.