वडिलांच्या स्प्लेंडरची टाकी आणि पॅनल घरी रंगवू की रंगाऱ्याकडे देऊ?

चिपळूणचा_धाकटा

नमस्कार मंडळी. घरी १९९९ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, काळी. लहानपणी टाकीवर पुढे बसून मी याच गाडीवरून शाळेत जायचो. इंजिन आजही एका किकमध्ये चालू होतं, पण रंगाची पार दशा झाली आहे. टाकीच्या मागच्या कडेला, जिथे सीट टेकते, तिथे रंग फुगून पापुद्रे निघालेत आणि खाली गंज दिसतो. डाव्या साईड पॅनलवर लांब चरे आहेत, आणि शेपटीकडचा भाग उन्हाने फटफटीत पांढुरका झाला आहे.

वडील ७१ वर्षांचे आहेत. गाडी आता चालवत नाहीत, पण रोज सकाळी फडकं मारतात. टाकीच्या त्या कडेपाशी आलं की फडकं अडकतं, मग ते बोटाने पापुद्रा परत दाबून बसवतात. ते बघवत नाही.

गावातल्या रंगाऱ्याने टाकी, दोन्ही पॅनल आणि शेपटीचे मिळून ४,५०० रुपये सांगितले. मित्र म्हणतो, स्प्रेचे डबे आण, दोन रविवारांत होईल. पैशांची अडचण नाही. हे काम माझ्या हातून व्हावं असं मनापासून वाटतं, पण वडिलांची गाडी विद्रूप करून ठेवली तर ते मला सहन होणार नाही. कोणी घरी केलंय का? पोर्चमध्ये जागा आहे. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढू शकतो.

सांगली_आरएक्स

दादा, पुढचा आठवडा विसरा. ऐन आषाढात रंगाच्या डब्याला हात लावू नका.

मी तेच केलं होतं. माझी यामाहा आरएक्स १००, १९९४ ची. ऑगस्टमध्ये पाऊस उघडून छान ऊन पडलं म्हणून गच्चीवर तारेला टाकी टांगली आणि काळा मारला. पहिला हात आरशासारखा बसला. दहा मिनिटांनी बघतो तर वर राख भुरभुरल्यासारखी पांढुरकी साय. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्या ओल्या रंगावरच पाणी होऊन बसते. आमच्या सांगलीत ही गत, तर तुमच्याकडे खाडीची हवा आणि कोकणातला पाऊस. दिवाळी होऊ द्या, हवा कोरडी होऊ द्या.

आता खरं काम. रंग मारायला एक दुपार पुरते, घासायला मला पाच रविवार लागले. गंज जिथे आहे तिथे पांढरा, स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं. पुट्टीखाली टिकलीएवढा गंज राहिला तरी तो पुढच्या पावसाळ्यात वर येतो, माझा आला. मग जुन्या रंगाची कड आणि उघडा पत्रा यांच्यामधली पायरी घालवायची. ८० नंबरचा कागद गंजापुरता, मग १८०, मग ३२०. ती पायरी डोळ्यांना दिसत नाही, डोळे मिटून बोटं फिरवली की कळते. मला तर टाकीवर साबणाचं पाणी टाकून, पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून फिरवल्यावर जास्त स्पष्ट कळायची.

प्रायमर वाळल्यावर त्यावर दुसऱ्या रंगाचा अगदी हलका फवारा उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. जिथे तो रंग उरतो तिथे खड्डा. एवढी एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर दोन वेळची मेहनत वाचली असती. काळा रंग काहीही झाकत नाही, उलट प्रत्येक चरा दुप्पट करून दाखवतो.

फवारताना एक वीत अंतर. बटण पॅनलच्या बाहेर दाबायचं, हात सरळ पलीकडे न्यायचा आणि बाहेरच सोडायचं. एकदम ओला हात मारला की ओघळ आलाच. पातळ तीन-चार हात, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं.

एवढं सगळं नीट जमलं, आणि तरी टाकी फसली. क्लिअर, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, मी साध्या स्प्रेच्या डब्यातला मारला होता. महिनाभराने पंपावर नळी काढताना चार थेंब टाकीवर सांडले. तिथल्या पोराने चटकन फडक्याने पुसलं. फडकं काळं झालं, आणि झाकणाभोवती बोटभर रुंदीचं कडं मऊ पडून सुरकुतलं. साध्या डब्यातला रंग नुसता थिनर उडून वाळतो, तो पेट्रोलला परत विरघळतो. हार्डनर घातलेला क्लिअर रासायनिक क्रियेने घट्ट होतो, त्याला पेट्रोल असं काही करत नाही. शेवटी टाकी रंगाऱ्याकडेच गेली. आधी माझे १,७०० गेले होते, वर त्याचे २,२०० गेले.

साईड पॅनल मात्र माझेच आहेत, सहा वर्षं झाली. पार्किंगमध्ये गाडी लावली की मी आजही वळून बघतो.

रंगकाम_इचलकरंजी

२२ वर्षं हाच धंदा आहे, म्हणून लिहितो.

वरच्या भावांनी पेट्रोलचं सांगितलं ते अगदी बरोबर. टाकी आमच्यासारख्याकडे द्या, पॅनल आणि शेपटी तुम्ही करा. गिऱ्हाईक जाईल म्हणून असं कोणी सांगत नाही, पण वडिलांच्या गाडीवर मुलाचा हात लागावा हे मला पटतं.

हार्डनरवाला क्लिअर घरी मारू नका. स्प्रेच्या डब्यातही तो मिळतो, खाली कळ दाबली की आत हार्डनर मिसळतो. त्यात आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क त्याला अडवत नाही. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की नंतर थोड्याशा वासानेही छाती भरते. माझ्या उस्तादांचा श्वास असाच गेला. बंद पोर्चमध्ये, घरात वयस्कर माणूस असताना, अजिबात नको. पॅनलवर पेट्रोल सहसा सांडत नाही, तिथे साधा क्लिअर चालून जातो. तोही उघड्यावरच मारा.

दुसरं, प्लॅस्टिकला थिनरने पुसू नका. लोक पत्र्यासारखंच प्लॅस्टिक पुसतात आणि मग बारीक तडे जातात. आधी भांड्याच्या साबणाने खसखसून धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गाडीवर कधी सिलिकॉनचं पॉलिश मारलं असेल तर दोनदा पुसा, नाहीतर रंग जागोजागी फाकतो आणि डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात.

पॅनलच्या मागे प्लॅस्टिकचं नाव छापलेलं असतं, एबीएस किंवा पीपी. छाप दिसत नसेल तर आतल्या बाजूने नखाएवढी कपची कापून पाण्यात टाका. बुडाली तर एबीएस, तरंगली तर पीपी. पीपीवर प्लॅस्टिक प्रायमरशिवाय रंग धरतच नाही. एबीएसवरही मारलेला बरा.

टाकी रंगाऱ्याकडे आणताना पेट्रोल काढा, खालचा पेट्रोलचा कॉक काढा आणि दोन दिवस उघड्यावर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ असते. ग्राइंडर, तारेचा ब्रश लावलेलं ड्रिल, ठिणगी उडेल असं काहीही लावू नका. आणि घासून आणू नका. आणलीत तरी मी परत घासणार. दुसऱ्याच्या प्रायमरवर मी माझा क्लिअर मारत नाही.

नाशिक_पावसाळी

एक बाजू माझीही. मी व्यावसायिक माणसाकडेच दिली होती, दुकान मोठं होतं, पैसेही पूर्ण मोजले. सात महिन्यांत साईड पॅनलचा रंग नखाने उचलला तर दुधाच्या सायीसारखा अख्खा निघाला. खाली कारखान्यातला रंग तसाच चकचकीत, त्याला कागदसुद्धा लागलेला नव्हता. तेव्हा देताना विचारा: जुना रंग घासणार का, प्लॅस्टिकला कुठलं प्रायमर, क्लिअरमध्ये हार्डनर आहे का, स्टिकर क्लिअरच्या खाली जाणार की वर. आणि प्रायमर मारल्यावर एकदा दाखवा म्हणावं. जो दाखवायला तयार असतो तो काम करतो.

रंग काळाच ठेवताय ना? आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, बदलायचा तर आरटीओचं काम निघतं.

चिपळूणचा_धाकटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काळाच ठेवतोय, दुसरा रंग वडिलांना चालणारच नाही.

काल पॅनल काढून मागे बघितलं, एबीएस छापलंय. तरी कपची पाण्यात टाकली, बुडाली. वडील बाजूलाच बसले होते, त्यांनी ती बाहेर काढून परत टाकून बघितली. टाकी दिवाळीनंतर रंगाऱ्याकडे देणार, पॅनल आणि शेपटी मी आणि ते मिळून करू. ३२० चा कागद त्यांनी आधीच मागून घेतलाय. ते म्हणाले, घासायला पावसाची अडचण नाही ना, मग आजपासून सुरू.

इचलकरंजीचे दादा, एकच शंका. टाकीवरची जुनी स्टिकरं आता मिळत नाहीत. काढायच्या आधी माप घेऊन ठेवू का?

रंगकाम_इचलकरंजी

नुसतं माप नको. स्टिकरवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने गिरवा, आणि टाकीच्या शिवणीपासून व झाकणापासून किती अंतरावर आहे ते त्याच कागदावर लिहा. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं घ्या. मग फोटो, शेजारी पट्टी ठेवून. रेडियमचं काम करणारा त्यावरून हुबेहूब कापून देतो. कागद आणि कापलेली स्टिकरं टाकीबरोबर रंगाऱ्याला द्या, क्लिअर स्टिकरांवरून बसेल. वडिलांना नमस्कार सांगा, आणि ३२० पाण्यात बुडवून वापरायला सांगा, कोरडा नको, धूळ नाकात जाते.