फोन तापला तर त्याचं गाऱ्हाणं टॉवरने ऐकायलाच हवं का?

विरारफास्ट:
माझा भाचा अंधेरी पूर्वेला स्कूटरवरून जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. भर मे महिन्यात हँडलला अडकवलेला फोन, नकाशा चालू, स्क्रीन फुल्ल, ५जी चालू. परवा मरोळ नाक्यावर फोनने 'थंड होऊ द्या' म्हणत मान टाकली. गिऱ्हाईक अकराव्या मजल्यावर, बिर्याणी खाली, पत्ता फोनच्या पोटात.

मग वाचत बसलो, तेव्हा कळलं की तापलेला फोन टॉवरला तसं कळवू शकतो. ३जीपीपी म्हणजे मोबाइल नेटवर्कचे जागतिक नियम ठरवणारी संस्था; तिच्या प्रमाणांत ४जीसाठी रिलीज (म्हणजे आवृत्ती) १४ पासून आणि ५जीसाठी रिलीज १५ पासून ही सोय आहे. फोन म्हणतो, 'एका वेळी इतके कॅरिअर (लहरींचे वेगवेगळे पट्टे) नकोत, बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी) कमी द्या, मायमोचे थर (अनेक अँटेनांवरून एकाच वेळी जाणारे डेटाचे प्रवाह) कमी करा.' पण मेख अशी की नेटवर्कने आधी परवानगी दिली तरच बोलायचं, आणि बोललं तरी नेटवर्कवर बंधन काहीच नाही. हे बंधनकारक करा, असं माझं स्पष्ट मत आहे. तापतो फोन, आणि निर्णय टॉवरचा?

अँटेना_आजोबा:
दादा, भाच्याचा फोन उन्हाने तापला. आयफोनच्या सूचनांमध्येसुद्धा वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलंय. मुंबईत मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या आसपास असतो, मग उन्हातल्या काळ्या काचेचं काय होणार? टॉवरने बिचाऱ्याने छत्री धरायची का?

शिवाय सक्ती केलीत तर बॅटरी टिकते अशी जाहिरात करायला एखादी कंपनी फोनला उठसूट रडायला शिकवेल. मायमोचे थर कमी केले की तेवढाच डेटा पाठवायला टॉवरचा जास्त वेळ जातो. संध्याकाळी दादरला तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. म्हणूनच फोनला लगेच पुन्हा तक्रार करता येऊ नये असा टायमर ठेवलाय, नेटवर्क तो ६०० सेकंदांपर्यंत ठेवू शकतं. तीस वर्षं या धंद्यात काढली, टॉवरला अख्खी वस्ती सांभाळायची असते.

विरारफास्ट:
उन्हाचं मान्य. पण नकाशाला डेटा लागतो चिमूटभर, आणि मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप, मात्र १०० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा ऐकत बसलेला. चिमूटभर मिठासाठी अख्खं पोतं उघडं कशाला? पट्टा अरुंद केला तर फोनचंही काम हलकं होईल ना?

चुनाभट्टीची_चहावाली:
दोघेही दोन वेगळी गाऱ्हाणी एकात कालवताय. तापणं वेगळं, बॅटरी वाचवणं वेगळं. बॅटरीसाठीच्या विनंत्या ५जीत रिलीज १६ मध्ये आल्या. त्यात 'मला लांब डुलकी घेऊ द्या', 'माझं काम झालं, जोडणी सोडा' असंही सांगता येतं. बॅटरीच्या बाबतीत कित्येकदा रुंद पट्ट्यावर काम झटकन उरकून झोपणंच स्वस्त पडतं. विरारफास्ट, तुमच्या भाच्याला अरुंद पट्ट्याइतकीच ती डुलकी हवी. हॉटस्पॉटवर तासभर व्हिडिओ कॉल लावणाऱ्याचा फोन झोपतच नाही, तिथे मात्र वेग कमी करूनच उष्णता उतरते. आणि हो, बिर्याणीवाल्याने फोन टपरीवरच्या थंड बाटलीला लावला नाही ना? आत दव धरतं.

विरारफास्ट:
लावला होता. 😐

डब्यातली_विंडोसीट:
म्हणजे माझा फोन किती अंशांवर आहे ते टॉवरला कळतं? उद्या त्यावरून जाहिराती येतील, पंखे विकायला!

अँटेना_आजोबा:
नाही हो ताई. अंश जात नाहीत. अमुक इतकं कमी करा, एवढंच जातं. उष्णता उतरली की 'आता काही मागणं नाही' असा कोरा निरोप जातो.

विरारफास्ट:
बरं, मी एक पायरी खाली येतो. मानायची सक्ती नको, पण बोलू देण्याची तरी हवी. आत्ता परवानगी नसेल तर फोन गपचूप स्वतःचं डोकं चालवतो, स्क्रीन मंद करतो, प्रोसेसर हळू करतो, ५जी सोडून देतो. टॉवरला पत्ताच नाही की हा का पळाला. तुमच्याच वस्तीच्या सोयीसाठी सांगतोय, आजोबा.

अँटेना_आजोबा:
हे थोडं पटलं. न सांगता पळणाऱ्यापेक्षा सांगून कमी मागणारा बरा. पण ऐकायचं आणि मानायचं नाही, तर मग ती सोसायटीची तक्रारवहीच झाली. सही करा, कपाटात ठेवा. त्यापेक्षा भाच्याला सांगा, सरळ ४जीवर टाक. जिथे ५जी अजून ४जीच्या आधाराने चालतं, तिथे फोनला दोन्ही रेडिओ जागे ठेवावे लागतात.

चुनाभट्टीची_चहावाली:
तक्रारवहीत काय लिहिलंय ते निदान मोजता तरी येतं. दुपारी दोन ते चार मरोळच्या एकाच सेलमध्ये (टॉवरच्या एका टापूत) शेकडो फोन कमी मागू लागले, तर तिथे नेमकं काय चाललंय ते तुमच्याच खात्याला कळेल की! तुम्हाला मोजणंच नको असेल, तर गोष्ट वेगळी.

विरारफास्ट:
ताजी बातमी: काल भाच्याने ४जीवर टाकून पाहिलं. फोन चार वाजेपर्यंत टिकला. पण काल दिवसभर ढग होते, त्यामुळे आजोबा, तुमचंही सिद्ध झालं नाही आणि माझंही. उद्या ऊन पडलं की पुन्हा ५जीवर टाकायला सांगितलंय. तो म्हणतो, मामा, बिर्याणीचे पैसे तू भरणार का?