मदत हवी आहे: कार्बाइडच्या चुन्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरवायचाय, पण वरचं कवच आड येतंय

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं पेव्हर ब्लॉकचं छोटं युनिट आहे. शेजारच्या प्लॉटवर वेल्डिंगचा अ‍ॅसिटिलीन गॅस तयार होतो. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी सोडलं की गॅस निघतो आणि खाली चुन्याचा गाळ उरतो, म्हणजेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ताजा असताना निळसर करडा, लसणासारखा उग्र वास येणारा; वाळला की पांढरा. थोडाफार सांडपाण्याचं आम्ल मारायला जातो, बाकीचा खड्ड्यात पडून.

हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड स्वतःहून ओढतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींतला चुना असाच घट्ट झालाय. हिशेब सरळ आहे: 74 किलो शुद्ध चुना 44 किलो कार्बन डायऑक्साइड घेतो आणि 100 किलो कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे टनाला जवळजवळ 600 किलो. आणि तयार झालेली भुकटी ब्लॉकमध्ये फिलर म्हणून मला हवीच आहे.

अडचण प्रत्यक्षात आहे. खड्ड्यातलं जुनं ढेकूळ फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन (न मुरलेल्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन) टाकलं, तर बाहेरची नखाएवढी कड पांढरीच राहते आणि आतलं सगळं गर्द गुलाबी होतं. म्हणजे वर कार्बोनेटचं कवच धरलं की काम जवळजवळ तिथंच थांबतं. गाळ चिंब असेल तर वायू आत शिरत नाही, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. बरं, खडखडीत वाळवला तरी क्रिया थांबते, तिला थोडी ओल लागतेच.

पंखा लावायचा नाही, हे माझं ठरलंय. हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के, घनमीटरमागे पाऊण ग्रॅम. एक किलो धरायला तेराशे घनमीटर हवा फिरवावी लागेल. कोळशावरची वीज जाळून ती फिरवली तर मिळवलं काय? शेड दोन्ही बाजूंनी उघडी आहे, वारा चांगला असतो. कॅलिफोर्नियात ट्रेसी इथं हेअरलूम कंपनीने 2023 मध्ये प्रकल्प सुरू केला, तिथंही चुना ट्रेमध्ये पातळ पसरून हवेवर ठेवतात. त्यांची भट्टी आणि यंत्रणा आपल्याकडे नाही, पण ट्रे तर लावता येतील.

मला विचारायचंय ते असं: थर किती जाडीचा ठेवू? ओल कशी टिकवू, विशेषतः एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात? आणि खरोखर किती वायू मुरला हे स्वस्तात कसं मोजू? शेतात टाका असं कृपया कुणी सुचवू नका. आपली काळी रानं आधीच चुनखडीची, त्यात क्षारपडीचा त्रास वेगळाच.

– मिरजकर_ब्लॉक

प्रतिसाद: कृष्णाकाठ

दादा, थर काही मिलिमीटरच ठेवा आणि दाताळ्याने रोज हलवा, म्हणजे कवच मोडून नवा पृष्ठभाग वर येईल. पाणी ओतू नका, संध्याकाळी फवारा द्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये.

मोजण्यात एक धोका आहे. माती परीक्षणवाले मुक्त चुना (म्हणजे मातीतलं कार्बोनेट) बऱ्याचदा आम्लाच्या टायट्रेशनने, म्हणजे नमुना किती आम्ल खातो ते मोजून काढतात. तुमच्या नमुन्यात उरलेलं हायड्रॉक्साइडही आम्ल खातं, त्यामुळे आकडा फुगलेला येईल. आम्ल घातल्यावर किती वायू सुटतो ते मोजणारं कॅल्सिमीटर वापरा. फिनॉल्फ्थॅलीनवरही विसंबू नका, रंग गेला तरी कणांच्या गाभ्यात चुना शिल्लक असू शकतो. खात्रीसाठी टीजीए (नमुना तापवत नेऊन घटणारं वजन मोजणारी चाचणी) करा: साधारण 400 ते 500 अंशांत घटणारं वजन हायड्रॉक्साइडचं पाणी, 600 च्या पुढचं कार्बोनेटचा वायू.

दुसरं, कार्बाइड बनवायला चुनखडी भाजतात, तेव्हा हाच वायू बाहेर पडलेला असतो. तुम्ही तो परत घेताय. आणि खड्ड्यातला चुनाही हळूहळू घेतोच, म्हणून ट्रेमध्ये त्याहून जास्त जेवढा मुरला तेवढाच तुमचा धरा.

ताजा गाळ बंद जागेत पसरू नका, त्यात अ‍ॅसिटिलीन अडकलेला असतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि माल हलवण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून घ्या.

मिरजकर_ब्लॉक

मनापासून आभार. टायट्रेशनचं लक्षातच आलं नसतं. खड्ड्याचा आणि ट्रेचा नमुना एकाच वेळी काढून शेजारीशेजारी तपासतो, म्हणजे फरक कळेल. आता टीजीएचं बघायला हवं. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बाहेरच्या लघुउद्योजकाचे नमुने घेतात का? कुणी करून घेतलं असेल तर अर्ज कोणाकडे द्यायचा आणि खर्च किती येतो, एवढं कळवा.