चिंचोक्याचा डिंक गोळ्यांत का नको?

चिंचोका: गोळीत औषध अनेकदा चिमूटभरच असतं. तिला बांधणारा, पोटात फोडणारा माल वेगळा, आणि त्यातला बराचसा झाडांचाच: मक्याचा स्टार्च, अकेशियाचा (बाभळीच्या जातीच्या झाडाचा) डिंक, गवार गम म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. मग चिंचोका मागे का? बी.फार्मच्या शेवटच्या वर्षी मी चिंचोक्याची पूड पाण्यात उकळली, मलमलीतून गाळली, वर ॲसिटोन ओतलं. पांढरा साका धाग्यांसारखा वर आला. तो वाळवून, चाळून पॅरासिटामॉलच्या गोळ्या बांधल्या. कडक, गुळगुळीत झाल्या! युरोपात चिंचोक्यातल्या याच पॉलिसॅकराइडचे, म्हणजे चिकट पदार्थाचे, कोरड्या डोळ्यांसाठी थेंब मिळतात. आपण मात्र गोळ्या बांधायला एचपीएमसी (सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ) यासारख्या केमिकलच्या मागे. चिंचोका खळीला आणि सारीपाटालाच राहिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रॅन्युलेशनवाला: पहिली बॅच जमली. दुसरी? झाड, पाऊस, बिया भाजण्याची आच बदलली की चिकटपणा बदलतो. आमच्या गोळ्यांच्या कारखान्यात आलेल्या डिंकाच्या पोत्यात सालीचे तुकडे आणि वाळू मी स्वतः पाहिली आहे. 2007 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या गवार गममध्ये डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडलं होतं. आणि एचपीएमसीला नुसतं केमिकल म्हणू नका. त्याचा सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंतून येतो. त्यावर प्रक्रिया करतात ती गुण दरवेळी सारखे यावेत म्हणूनच.

आजीची_नात: तरी झाडाचं ते निर्धोक. इसबगोल पिढ्यान्‌पिढ्या घेतोच ना?

ग्रॅन्युलेशनवाला: भरपूर पाण्याबरोबर घेतो म्हणून. अमेरिकेत 1990 च्या आसपास वजन कमी करायच्या गवार गमच्या गोळ्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्या आणि त्या बाजारातून काढाव्या लागल्या. पाणी शोषून फुगणं हाच तर या पदार्थांचा गुण.

चिंचोका: 'केमिकल' शब्द मागे घेते. बाकी मुद्दा सोडत नाही. मकाही शेतातच पिकतो. त्याच्या स्टार्चला मानकं आहेत, म्हणून तो चालतो. चिंचोक्यालाही चिकटपणाची आणि जंतूंची मर्यादा ठरवा, वेगवेगळे लॉट मिसळून ती गाठा. माझी दुसरी बॅच भुसभुशीत झाली, हे खरं. चिंचोके दुसऱ्या बाजारातून आणले होते आणि चिकटपणा मी मोजलाच नव्हता. तुम्ही आलेल्या मालाचा मोजता का?

ग्रॅन्युलेशनवाला: प्रत्येक लॉटचा, द्रावण करून. गेल्या वर्षी तीन पोती परत पाठवली. पण ती परत जाईपर्यंत मशीन उभं राहतं, आणि तो खर्च तुमच्या स्वस्त चिंचोक्यात कोणी धरत नाही.