'सीरोप्रिव्हलन्स'ला मराठीत काय म्हणावं? 'होऊन गेला' चालेल का?

शब्दवेडी
साथीच्या रोगांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'सीरोप्रिव्हलन्स'पाशी गाडी अडलीय. लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तपासून विषाणू किती जणांपर्यंत पोचला याचा अंदाज काढतात, ती टक्केवारी. कोविडच्या वेळी सिरो, सेरो, सीरो असं सगळं वाचलं. ओळखीतले एक काका तर शेवटपर्यंत 'झीरो सर्व्हे' म्हणायचे. रुग्ण शून्यावर आले का ते बघतात, अशी त्यांची समजूत!

सध्या मी लिहिलंय : 'मे २०२० पर्यंत स्पेनमधल्या सुमारे ५ टक्के लोकांना कोविड होऊन गेला होता.' गोवर येऊन गेला, कांजिण्या येऊन गेल्या, तसंच हे. मला तर फार आवडलंय. चालेल?

प्रयोगशाळेतला
आधी 'सीरो'बद्दल. सीरम हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ नासलेल्या दुधाचं पाणी. साध्या नळीत रक्त घेऊन अर्धा तास उभं ठेवा. खाली लालकाळी गुठळी बसते, वर पिवळसर, पारदर्शक पाणी सुटतं. ताकावर निवळ येते ना, अगदी तसं. प्रतिपिंडं असतात ती या निवळीत. म्हणून 'रक्तद्रव सर्वेक्षण' नको. रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा, त्यात रक्त गोठवणारी प्रथिनं शाबूत असतात. सीरमला 'रक्तरस' म्हणा. 'रक्तलस' असंही कुठे कुठे दिसतं, पण जखमेतून वाहते ती लस आणि दंडात टोचतात ती लस, दोन्ही आपल्याकडे आधीच आहेत. तिसरी कशाला?

आता 'होऊन गेला'. मलाही आवडलं, पण चाचणी एवढं बोलत नाही. ती फक्त म्हणते, 'या रक्तात आज या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.' विषाणू येऊन गेला हा आपण काढलेला निष्कर्ष. तुमचं वाक्य मे २०२० चं आहे, तेव्हा लसच नव्हती म्हणून खपून जाईल. २०२१ नंतरच्या आकड्याला ते लावलंत तर लस घेऊन घरी बसलेल्यालाही कोविड होऊन गेला असं होईल. लस की लागण हे ओळखायला दोन वेगळी प्रतिपिंडं बघतात. काही लशी शरीराला विषाणूच्या फक्त बाहेरच्या काट्याचं (स्पाइक) प्रथिन ओळखायला शिकवतात, त्यामुळे आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली तर खरी लागण झाली असावी असं धरतात. अख्खा मृत विषाणू वापरून केलेल्या लशीला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण आतलं प्रथिनही तिच्यात असतंच.

शब्दवेडी
बाप रे. म्हणजे 'होऊन गेला' बाद?

आकडेमोड
दुसऱ्या बाजूनेही बाद. प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात. ज्याला खरंच होऊन गेला, तो वर्षाने 'नाही'च्या रकान्यात बसू शकतो. ब्राझीलमधल्या मनौसचं उदाहरण बघा. तिथे रक्तदात्यांचं रक्त तपासून आणि ही ओसरती बाजू हिशेबात धरून ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्के लोकांना लागण झाली असावी असा अंदाज निघाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथेच दुसरी मोठी लाट आली. कारणांवर बराच वाद झाला. नवा उपप्रकार, उतरलेली प्रतिकारशक्ती, शिवाय रक्तदाते म्हणजे अख्खं शहर नव्हे.

चाचणीच्या चुकांचं तर कुणी बोलतच नाही. समजा हजार माणसं, त्यातल्या दहांनाच लागण झालेली. ९८ टक्के वेळा निरोग्याला निरोगी म्हणणारी चाचणी म्हणजे उत्तमच वाटते ना? पण उरलेल्या ९९० मधले २० जण ती उगाच पकडते. खऱ्या दहांतले आठ-नऊ सापडतात. हाती आले २८, त्यातले २० खोटे! साथीच्या सुरुवातीला हाच घोळ असतो. रोगन आणि ग्लॅडन यांचं १९७८ चं एक साधं सूत्र आहे, त्याने ही चूक वजा करता येते. म्हणून कुठलाही आकडा लिहिताना तो 'मिळालेला' की 'दुरुस्त केलेला' हे विचारून घ्या. भारतातल्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा मे-जून २०२० मधला ०.७३ टक्के हा आकडा इतका लहान आहे, की अशा वेळी ही दुरुस्ती म्हणजे हौस नव्हे, गरज.

जुना वाचक
'प्रिव्हलन्स'ला कृपया 'प्रादुर्भाव' करू नका. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं, उद्भवणं. नव्याने किती जणांना लागण होतेय हे वेगळं आणि आत्ता एकूण किती जणांत खूण आहे हे वेगळं. दुसऱ्याला साधं 'प्रमाण' पुरेल.

बाकी 'नमुना' जपून वापरा. या विषयात माणसंही नमुना आणि रक्तही नमुना. 'नमुन्यातले नमुने तपासले' असं वाक्य मी छापील पाहिलंय. (घरातला नमुना वेगळाच.)

शब्दवेडी
मूळ लेखात 'एक्सपोजर' आहे. त्याला 'संपर्क' केलंय.

प्रयोगशाळेतला
संपर्क झाला म्हणजे लागण झालीच असं नाही. शेजारी कुणी खोकलं, विषाणू नाकाशी आला आणि तिथूनच परतला, तर प्रतिपिंडं बहुधा बनणारही नाहीत. त्यामुळे मूळ लेखकच थोडा सैल बोलतोय. 'लागण' लिहा. ऊसवाल्यांना त्यांची लागण आठवली तर आठवू दे.

आणि 'पॉझिटिव्ह' टाळता आलं तर बघा. वाचकाच्या डोक्यात पॉझिटिव्ह म्हणजे आज आजारी, खोलीत कोंडलेला माणूस. इथे अर्थ जवळजवळ उलटा. स्पेनच्या पाहणीत ज्यांच्यात प्रतिपिंडं सापडली त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना कधी लक्षणंच जाणवली नव्हती.

शब्दवेडी
मग हे बघा : 'स्पेनमध्ये २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत ६० हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे ५ टक्के लोकांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली.' आणि पुढे सगळीकडे 'प्रतिपिंडधारकांचे प्रमाण'.

आकडेमोड
वाक्य झकास. आता एकही शब्द चाचणीपेक्षा जास्त बोलत नाही.

जुना वाचक
वाक्य ठेवा, 'धारक' काढा. शिधापत्रिकाधारक, परवानाधारक, प्रतिपिंडधारक... खिडकीपाशी रांग लागेल. 'प्रतिपिंड असलेल्यांचं प्रमाण' म्हणा की सरळ.

शब्दवेडी
शीर्षकात मावत नाहीये हो!

जुना वाचक
मग शीर्षकात 'सीरो' ठेवा. दीर्घ सी. काकांना कळवा.